गोळ्या कपाटात, चिठ्ठी ड्रॉवरमध्ये

‘सिस्टर, तुम्ही आजच कशा आलात?’

मैत्रिणींनो, हे वाक्य मी आजवर किती शाळांत ऐकलं असेल, याची मोजदाद केव्हाच सोडून दिली आहे. तपासणीची तारीख महिनाभर आधी कळवलेली असते. आदल्या दिवशी फोनही झालेला असतो. तरी आमची गाडी फाटकात थांबली की कुणाच्या तरी कपाळावर आठी पडतेच. कधी चाचणी परीक्षा असते, कधी गॅदरिंगची तालीम, तर कधी केंद्रप्रमुख येणार असतात.

मी नर्स आहे. राहते लासलगावात. कांद्याचे भाव पडले की टीव्हीवर ज्या गावाचं नाव येतं, तेच हे लासलगाव! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची सुरुवातही आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्या कार्यक्रमाच्या पथकात मी काम करते. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स, असं हे पथक. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळेत वर्षातून एकदा जायचं. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, लहानपणचे आजार आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टी शोधायच्या आणि मुलाला पुढच्या उपचाराला पाठवायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? पण या कामात मुलांचा त्रास कमी आणि मोठ्यांचाच जास्त!

पहिला प्रश्न जागेचा. वजनकाटा ठेवायला, डोळ्यांचा तक्ता लावायला एक खोली हवी असते. आम्हाला बहुतेक वेळा व्हरांडा मिळतो, नाहीतर पोषण आहाराच्या तांदळाची खोली. मुलांचं एक वेळ चालतं. पण आठवी-नववीच्या मुलींनी पाळीच्या तक्रारी व्हरांड्यात कशा सांगायच्या? पलीकडे मुलांचा घोळका उभा, शेजारी सर हजेरी घेताहेत. मुलगी मान खाली घालून म्हणते, ‘काही नाही होत मॅडम.’ आणि फॉर्मवर ‘तक्रार नाही’ असं लिहिलं जातं.

दुसरा त्रास धाक दाखवण्याचा. ‘गप्प बसा, नाहीतर सिस्टर सुई टोचतील!’ असं गुरुजींनी वर्गात सांगून ठेवलेलं असतं. आमच्याकडे त्या दिवशी एकही सुई नसते हो! पण पहिलीतली पोरं बाकाखाली लपतात. त्यांना बाहेर काढण्यात अर्धा तास जातो आणि मग तेच गुरुजी घड्याळ दाखवतात.

तिसरी गोष्ट लोहाच्या गोळ्यांची. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना दर सोमवारी एक निळी गोळी आणि लहान वर्गांना गुलाबी गोळी द्यायची, असा नियम आहे. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा मुलींतल्या सहा! तरीही एका शाळेत मी कपाट उघडलं, तर गोळ्यांची अख्खी खोकी मुदत संपून पडलेली. विचारलं, तर सर म्हणाले, ‘एका पोरीला मळमळलं. तिचा बाप भांडायला आला. तेव्हापासून बंद केलं.’

आता यात सरांचं काहीच बरोबर नव्हतं असं मी म्हणणार नाही. मळमळ उपाशीपोटी गोळी घेतल्यामुळे होते. खिचडी खाऊन झाल्यावर दिली की त्रास फारसा होत नाही. शी काळी होते, त्यातही घाबरण्यासारखं काही नाही. पण हे त्या बापाला कुणी सांगायचं? गुरुजी एकटे. निवडणूक आली की त्यांनी मतदारयाद्या बघायच्या, खिचडीचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची. एक बाई मला म्हणाल्या होत्या, ‘सिस्टर, माझ्याकडे आठ रजिस्टरं आहेत. तुमचं हे नववं!’ मला हसू आलं, पण त्यांचं खोटं नव्हतं.

असो. खोली नाही मिळाली तर आम्ही ओढणीचा आडोसा करतो. चहा नाही मिळाला तर घरून आणलेला पितो. मान-अपमानाचं मी आता मनाला लावून घेत नाही. मला खरी चीड येते ती चिठ्ठी हरवली की.

तपासणीत काही आढळलं की डॉक्टर संदर्भ चिठ्ठी लिहितात. या मुलाला ग्रामीण रुग्णालयात न्या, या मुलीला जिल्हा रुग्णालयात दाखवा, असं त्यात असतं. ती चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे जाते आणि त्यांनी ती पालकांना द्यायची असते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आसपासच्याच एका गावातली शाळा. सातवीतल्या एका मुलीच्या छातीत डॉक्टरांना वेगळा आवाज ऐकू आला. चिठ्ठी लिहिली, वर्गशिक्षकांच्या हातात दिली, सही घेतली. दीड महिना झाला तरी रुग्णालयाच्या यादीत मुलीचं नाव येईना. शाळेत फोन केला, तर ते सर प्रशिक्षणाला गेलेले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना काहीच माहीत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बघतो, सांगतो.’ पुन्हा आठवडा गेला. शेवटी मीच गेले. चिठ्ठी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, खडूच्या खोक्याखाली, घडी न उलगडलेली!

रजिस्टरमधला पालकांचा मोबाइल नंबर बंद. दिवस उन्हाळ कांद्याच्या काढणीचे. आई-बाप सकाळी सातला घराबाहेर पडलेले. शेवटी शाळेच्या शिपाई मावशी मदतीला आल्या. कुणाच्या शेतावर काम चालू आहे, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. बांधावर उभं राहून मी त्या आईला सगळं समजावून सांगितलं. ती हातातला विळा खाली ठेवून म्हणाली, ‘बाई, ती पळायला लागली की लगेच खाली बसायची. सर म्हणायचे आळशी आहे. आम्हीबी तिला बोलायचो.’

त्या मुलीच्या हृदयाला छिद्र होतं. कार्यक्रमातून तिचे उपचार झाले, छिद्र बंद करण्यात आलं, घरच्यांना खर्च करावा लागला नाही. मुलगी आता नववीत आहे. पण ते दोन महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. आजार सापडला होता, डॉक्टर होते, उपचारही फुकट होते. अडलं होतं ते एका टेबलापासून एका घरापर्यंतच्या अंतरात.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली शाळेत डॉक्टर यायचे, खरूज, डोळे आलेली मुलं निवडायचे आणि चिठ्ठी देऊन घरी पाठवायचे. घरी चिठ्ठी कुणी वाचायचं नाही. उपचार व्हायचे नाहीत. मूल मात्र शाळेबाहेर! त्या सप्टेंबरात दहा हजारांवर मुलं अशी घरी बसली होती. मग लीना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळा देऊन बघितलं. ती शाळेतच मलमपट्टी करायची आणि संध्याकाळी मुलांच्या घरी जाऊन आईला समजावायची. आणखी नर्सेस नेमल्या गेल्या आणि वर्षभराने घरी पाठवलेल्या मुलांचा आकडा अकराशेवर आला. औषध तेच होतं, फक्त चिठ्ठीबरोबर एक माणूस जायला लागलं.

आपल्या देशात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाली ती १९०९ साली, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने लिहिलं की, शालेय आरोग्य सेवा देशात जवळपास नाहीच. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती बसली. एवढं सगळं होऊनही खेड्यातल्या शाळेत रोज हजर असणारी नर्स आजही नाही. आम्ही वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्या! मग उरलेले दिवस मुलांकडे बघणारं माणूस म्हणजे शिक्षकच. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, एक बाई आणि एक सर, आरोग्यासाठी नेमायचे असं ठरलंय ते याचसाठी.

जिथे हे मनापासून होतं, तिथला फरक आम्हाला फाटकातच कळतो. एका शाळेतल्या बाई सोमवारी खिचडीनंतर सगळ्यांसमोर आधी स्वतः गोळी घेतात, मग मुलींना देतात. त्या शाळेत गोळ्या उरत नाहीत. त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर चिठ्ठ्यांची यादी केली आहे. कुणाला दिली, कोण दवाखान्यात गेलं, कोण राहिलं. नववं रजिस्टर नाही, एक पान! मीही आता चिठ्ठीच्या दोन प्रती करते. एक मुख्याध्यापकांची सही घेऊन शाळेत, दुसरी मुलाच्या दप्तरात. घरचा नंबर मुलालाच विचारते आणि त्याच्यासमोर लावून बघते.

आणि मैत्रिणींनो, थोडं तुमच्यासाठीही. तुमच्या मुलाच्या शाळेत तपासणी कधी आहे, हे बाईंना विचारा. झाली असेल तर ‘चिठ्ठी निघाली का?’ एवढं जरूर विचारा. जमलं तर त्या दिवशी शाळेत या. चार आया आल्या की खोलीही मिळते आणि मुलीही बोलतात. सोमवारी मुलीला उपाशी पाठवू नका आणि गोळीवर लगेच चहा देऊ नका. पेरू, लिंबू, आवळा काहीतरी द्या, त्याने लोह अंगी लागतं. मूल पळताना बसत असेल, फळ्यावरचं चुकीचं उतरवत असेल, तर त्याला आळशी किंवा ढ म्हणण्याआधी आम्हाला दाखवा. कांद्याचं काम सोडून येणं सोपं नाही, मला माहीत आहे. रोजगार बुडतो. तेवढं जमलं नाही, तर निदान संध्याकाळी दप्तर उघडून बघा. चिठ्ठी बहुतेक तिथेच असेल.