मात्रा आणि विष : सागरी सूक्ष्मशैवाले व जड धातू



‘मात्रा’ हा मराठीतील मोठा अर्थवाही शब्द. अक्षरावरची ती मात्रा, प्रमाण तीही मात्रा आणि वैद्य उगाळून देत तीही हेमगर्भाची मात्राच. धातू औषध ठरेल की विष, हे प्रमाणावर अवलंबून असते, ही जाण या शब्दात साठली आहे. समुद्राच्या बाबतीत ती आपण गमावत आहोत.

समुद्राच्या प्रकाशित थरात नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवाले तरंगतात. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा भार अशा तरंगत्या सूक्ष्मजीवांवर आहे. आपल्या ताटातला बांगडा अखेर त्यांच्यावरच पोसलेला असतो.

या शैवालांना धातू हवेच असतात. लोहावाचून त्यांचे प्रकाशसंश्लेषण चालत नाही. जस्त, तांबे, मँगनीज हेही लेशमात्र लागतात. जस्ताची वाण पडल्यास एक करंडक वनस्पती, म्हणजे डायाटम, चक्क कॅडमियमवर काम भागवते, हे २००० साली सिद्ध झाले.

प्रमाण वाढले की मात्र चित्र पालटते. पेशीच्या दाराशी धातूंची पुरती पारख होत नाही. आवश्यक धातूंच्या वाटेने कॅडमियम आत शिरते. पारा व तांबे हरितद्रव्यातील मॅग्नेशियमची जागा बळकावतात. मग त्या रेणूला प्रकाशाचा नीट उपयोग करता येत नाही. पेशी गंधकयुक्त द्रव्ये निर्माण करून धातूला जखडू पाहते, पण त्यात वाढीची शक्ती खर्ची पडते. शिवाय सर्व जाती सारख्या चिवट नसतात. तांब्यापुढे नीलहरित सूक्ष्मजीव आधी हार मानतात, करंडक वनस्पती अधिक तग धरतात. पाणी हिरवेच दिसते. पंगतीतले वाढप तेवढे बदललेले असते.

हे धातू येतात कोठून? कारखान्यांच्या सांडपाण्यातून, खाणींच्या गाळातून आणि जहाजांच्या रंगातूनही. तळाला शेवाळ धरू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या कथिलयुक्त रंगांवर २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातली. तो २००८ मध्ये अमलात आला. त्यांची जागा मुख्यतः तांब्याच्या रंगांनी घेतली. आपल्या मांडवी-झुआरीतून तर दशकानुदशके खनिजाचे बार्ज मुरगावकडे गेले. खाणींचा लोह-मँगनीजयुक्त गाळ नदीमुखांत साचला आणि त्याने पाणी गढूळ करून शैवालांचा उजेडही अडवला.

पाऱ्याची गोष्ट सर्वांत गंभीर. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला रोग कारखान्याने समुद्रात सोडलेल्या सेंद्रिय पाऱ्याने दूषित झालेली मासळी खाल्ल्याने झाला होता. मोठ्या माशात हा पारा साठतो, हे आपण ऐकलेले असते. पण अन्नसाखळीतील सर्वांत मोठी उडी पहिल्याच पायरीवर पडते : पाण्यातून शैवालात जाताना त्याचे प्रमाण सुमारे लाखपट होऊ शकते.

म्हणून पाण्यात एकूण धातू किती, एवढेच मोजून भागत नाही. त्यातला मोकळा, पेशीत शिरू शकेल असा किती आणि शैवालांची वस्ती कशी बदलते आहे, हेही पाहावे लागते. मासळी मरून किनाऱ्याला लागेपर्यंत थांबणे म्हणजे दुखण्याची पहिली लक्षणे डोळ्यांआड करणे होय.