विखुरलेला प्रकाश पुन्हा गोळा करताना

डोलवी-वडखळच्या बाजूने महामार्गावरून धुक्यात जाताना समोरच्या एस.टी.चे दिवे आठवा. उजेड दिसतो, पण दिवा एक की दोन, ते कळत नाही. प्रकाश धुक्याने गिळलेला नसतो. सूक्ष्म थेंबांवर आपटून त्याची वाट बदललेली असते. हेच प्रकाशाचे विकिरण.

आता अंधारात पेटत्या विजेरीवर तळहात दाबून धरा. हात लालबुंद दिसेल, कारण रक्त निळा-हिरवा प्रकाश शोषते, लाल बराचसा पार जाऊ देते. पण हाडे दिसतात का? नाही! शरीराच्या ऊतींमध्ये प्रकाश साधारण एक दशांश मिलिमीटर जातो न जातो तोच वाट बदलतो. उजेड पार होतो, चित्र मात्र हरवते. हाडे क्ष-किरणांनी दिसतील हो. पण रक्तात ऑक्सिजन किती, हे रंगावरून सांगणारा प्रकाशच. म्हणून ही सारी धडपड.

२००७ साली नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात वेलेकूप आणि मॉस्क यांनी एक साधी गोष्ट हेरली. पांढऱ्या रंगाचा सुकलेला थर हलत नाही. म्हणजे त्यातला गोंधळ दर वेळी तोच! त्यांनी लेसरच्या झोताचे अनेक भाग पाडले, प्रत्येक भागाच्या लहरी किंचित मागेपुढे केल्या आणि पलीकडच्या एका बिंदूवर शिखरावर शिखर येईल असे जुळवले. तो बिंदू हजारपटीपर्यंत उजळला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात कॅलटेकच्या गटाने ०.६९ मि.मी. जाडीच्या कोंबडीच्या मांसातून आलेल्या लहरी उलट पाठवून विकिरण पुसून दाखवले.

खगोलशास्त्रज्ञांना अशी दुरुस्ती आधीपासून ठाऊक आहे. पुण्याची आयुका आणि कॅलटेक यांनी मिळून बनवलेले 'रोबो-एओ' हे उपकरण हवेमुळे बिघडलेली ताऱ्याची प्रतिमा आकार बदलणाऱ्या आरशाने सुधारते. हवा किती बिघडली आहे, हे ते लेसरने आकाशात उभ्या केलेल्या कृत्रिम ताऱ्यावरून ओळखते.

पण मांसाच्या आत तारा कुठून आणायचा? २०११ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसच्या संशोधकांनी श्राव्यातीत ध्वनी वापरला. ऊतींमध्ये तो प्रकाशापेक्षा फारच कमी विखुरतो, त्यामुळे आत हव्या त्या ठिकाणी एकवटता येतो. तेथून जाणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते. तेवढाच प्रकाश निवडून उलट पाठवला, की तो नेमका त्याच जागी परततो. मला तरी ही युक्ती सर्वांत सुंदर वाटते.

खरी अडचण पुढेच आहे. कापलेले मांस स्थिर असते; जिवंत ऊतीत रक्त वाहते, आणि प्रकाशाच्या वाटा काही सहस्रांश सेकंदांत बदलतात. त्याच्या आत मोजमाप, हिशेब आणि दुरुस्ती, तिन्ही आटोपली पाहिजेत.