मॅलेटसाहेब आणि पेशव्यांचा गेंडा

पुण्याच्या इतिहासात सर चार्ल्स मॅलेट हे नाव येते ते इंग्रजांचा वकील म्हणून. ईस्ट इंडिया कंपनीतर्फे तो १७८६ पासून पेशवे दरबारी रेसिडेंट होता व मुळा-मुठेच्या संगमावर राहत असे. १७९० साली टिपूविरुद्ध इंग्रज व पेशवे यांचा तह त्याने घडवून आणला. १७९१ साली त्याला ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला. हा किताब बापाकडून मुलाकडे जातो. पण त्यामुळे उमरावांच्या सभागृहात जागा मात्र मिळत नाही. १७९८ मध्ये तो मायदेशी परतला आणि १८१५ साली वारला.

एवढ्यावर थांबलो तर विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निसटते. तेव्हा कॅमेरा नव्हता. पाहिलेली वस्तू दूरच्या माणसाला दाखवायची तर चित्र हाच पुरावा. मॅलेटने हे काम गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुण्याच्या चित्रकाराकडून करून घेतले. वेरूळच्या लेण्यांची चित्रे त्याने काढलीच. शिवाय १७९० साली पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही रंगविला.

या गेंड्याचे महत्त्व कशात आहे? जर्मन चित्रकार ड्यूररचा १५१५ सालचा गेंडा प्रसिद्ध आहे. लिस्बनला गेलेला हा भारतीय गेंडा ड्यूररने पाहिलाच नव्हता. दुसऱ्याचे रेखाटन व पत्रातले वर्णन यांवरून त्याने लाकडी ठसा तयार केला. भारतीय गेंड्याला नाकावर एकच शिंग असते. ड्यूररने खांद्यावर आणखी एक छोटे शिंग दाखवले. ही चूक युरोपातल्या पुस्तकांत दोनशेहून अधिक वर्षे उतरवली गेली. गंगारामसमोर मात्र जिवंत प्राणी उभा होता.

गंगारामची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मॅलेटचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. ज्याच्या डोळ्यांनी ही नोंद केली त्या गंगारामचे नाव पुण्यातही फारसे कोणाला माहीत नाही.

आपण वर्गात एक प्रयोग करून पाहू. निम्म्या मुलांनी जास्वंदीचे फूल समोर ठेवून चित्र काढावे. उरलेल्यांनी फूल न पाहता, केवळ दुसऱ्याने सांगितलेल्या वर्णनावरून. मग चित्रे शेजारी ठेवून पाकळ्या व पुंकेसर मोजावेत. प्रत्येक चित्राखाली तारीख, ‘पाहून’ की ‘ऐकून’, आणि काढणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नये.