टेपची ऊब आणि रव्याचा डबा

ब्रूस स्प्रिंगस्टीनवरचा चित्रपट 2025च्या ऑक्टोबरात पडद्यावर आला आणि त्याच्याबरोबर एक जुनं यंत्रही पुन्हा बोलण्यात आलं. ‘नेब्रास्का’ हा त्याचा 1982चा अल्बम एका भाड्याच्या घरात, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरणाऱ्या टीॲकच्या पोर्टास्टुडिओ 144वर तयार झाला होता. घरी बसून गाणं रचणाऱ्यांना तेव्हापासून या जातीच्या यंत्रांचं वेड आहे, आणि वेडाबरोबर एक शब्दही ठरलेला: ऊब. कॉम्प्युटर कोरडा, टेप उबदार. माळ्यावरचा एखादा मल्टिट्रॅक खाली काढून, पुसून, चालू करून त्यातून येणाऱ्या मऊ आवाजावर माणसं खूश होतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात तरी त्या मऊपणाकडे जरा संशयानं बघायला हवं. बहुतेक वेळा तो बिघाड असतो, आणि दुरुस्ती नीट झाली तर ही ऊब कमीच व्हायला हवी.

संशयाचं पहिलं कारण हवा. खाडी आणि उल्हास नदीच्या मधल्या या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी धरते. ती कॅसेटच्या गुंडाळीवरही धरते. यंत्रातले काही बेल्ट पाण्याची वाफ शोषून आतून तुटत जातात आणि शेवटी काळ्या डिंकासारखे पाघळतात. पिंच रोलरचं रबर उलट कडक आणि चकचकीत होतं, फितीवरची त्याची पकड सुटते आणि सूर हेलकावतो. स्विचांच्या आतली चांदी समईसारखी काळी पडते. (ज्या डोंबिवलीनं 2014 साली हिरवा पाऊस पाहिला, तिथे हवेतल्या रसायनांबद्दल वेगळं काय सांगायचं!) चार ट्रॅकच्या मिक्सरवर असे स्विच आणि फेडर डझनांनी असतात, म्हणून खरखरही डझनाच्या भावानं. पण हे सगळं दिसतं, ऐकू येतं आणि चिकाटीनं साफ करता येतं. फसवतात ते न दिसणारे दोष.

त्यातला एक आपल्याकडे घरोघरी माहीत होता. आवाज दबका आला की हेडशेजारचा स्प्रिंगवाला बारीक स्क्रू पेचकसानं फिरवायचा, गाणं मोकळं झालं की थांबायचं. हेडची फट फितीला अगदी काटकोनात हवी, हे त्या स्क्रूचं काम. पोर्टास्टुडिओ 144 फीत नेहमीच्या दुप्पट वेगानं, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर ओढतं. म्हणजे 10,000 हर्ट्झच्या सुराची एक लाट फितीवर जेमतेम साडेनऊ मायक्रॉनची. ट्रॅकची रुंदी 0.6 मिलिमीटर धरली तर हेड अर्धा अंश कललं तरी हा सूर जवळजवळ निम्मा होतो, आणि एक अंशाच्या अलीकडेच नाहीसा होतो. झांजेची धार, तानपुऱ्याची जवारी, ‘स’ आणि ‘श’ यांच्यातला फरक, सगळं याच वरच्या भागात राहतं. ते गेल्यावर जे उरतं त्याला मऊ म्हणणं म्हणजे मोतीबिंदूला चित्रकाराची नजर म्हणण्यासारखं आहे.

दुसरा न दिसणारा दोष अधिक खोल आहे, आणि तो समजायला रव्याचा डबा पुरतो. डबा किंचित कलता केला तर रवा हलत नाही. आणखी कलता केला की एकदम ढीग कोसळतो, आणि डबा सरळ केला तरी तो परत जागेवर जात नाही. फितीवरचे चुंबकीय कण असेच हट्टी: हळू आवाजाला दाद देत नाहीत, मोठ्या आवाजाला भसकन उलटतात. पण डब्याला बोटांनी सतत टिचक्या मारत राहिलं तर रवा जेवढा कल तेवढाच, गुमान सरकतो. टेप रेकॉर्डर गाण्याबरोबर कानाला ऐकू न येणारा, 80-100 हजार हर्ट्झचा एक प्रवाह हेडमध्ये सोडतो तो या टिचक्यांसाठी. त्याचं नाव बायस. 1935 साली बर्लिनमध्ये दाखवलेल्या जर्मन मॅग्नेटोफोनला या टिचक्या नव्हत्या, म्हणून त्याचा आवाज खरखरीत होता. 1940 साली जर्मन रेडिओतल्या वॉल्टर वेबरच्या लक्षात आलं की एक ॲम्प्लिफायर बिघडून आपोआप उच्च कंपनं करू लागला आणि फितीवरची खरखर गायब झाली. त्यानं आणि सहकारी ब्राउनम्यूल यानं त्याचं तंत्र केलं. जपानच्या केन्झो नागाई यांनी त्याआधीच स्वतंत्रपणे हेच शोधलं होतं, आणि अमेरिकी नौदलात कार्लसन आणि कार्पेंटर यांनी त्याही आधी. वेबर चाळिशीही न गाठता 1944 साली गेला. टेपचा इतिहास मात्र गायक बिंग क्रॉस्बी आणि गिटारवादक लेस पॉल यांच्या नावानं सांगितला जातो. गाणारा माणूस लक्षात राहतो, टिचक्या मारणारा नाही.

दुरुस्तीत नेमका हाच भाग वगळला जातो. बेल्ट बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं, यंत्र चालू झालं, संपलं. पण टिचक्या कमी पडल्या तर आवाज कर्कश आणि फाटका येतो, जास्त झाल्या तर नुकतेच लिहिलेले वरचे सूर तिथल्या तिथे पुसले जातात. पोर्टास्टुडिओ क्रोम फितीसाठी, म्हणजे जोरकस बायसवर लावलेलं असतं; आज नव्यानं मिळणाऱ्या बहुतेक कॅसेटी साध्या फेरिक. ती कॅसेट या यंत्रात घातली की टिचक्या आपोआप जास्त होतात, वरचे सूर पुसले जातात, आणि ऐकणारा म्हणतो, काय ऊब आहे! उपाय आहे: प्रत्येक ट्रॅकच्या बायसचा प्रीसेट ठरावीक सुरावर, मीटर बघत, वेगळा लावायचा. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता त्या काळापासून रेडिओ अलाइन करणाऱ्यांना ही शिस्त नवी नाही. टेप रेकॉर्डरच्या वाट्याला मात्र ती क्वचित आली.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: फीत खरोखरच आवाज बदलते. जोरात भरल्यावर ती एकदम न फाटता हळूहळू दबते आणि मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा हलका सूर मिसळते. मान्य, आणि ते कानाला गोडही लागतं. पण तो परिणाम मोठ्या आवाजावर येतो आणि भरणाऱ्याच्या हातात असतो. हळू आवाजातही सगळंच दबकं ऐकू आलं तर तो फितीचा गुण नव्हे. दुसरा आक्षेप ‘नेब्रास्का’चाच. ते तर पाण्यात पडून वाळलेल्या एका बूमबॉक्सवर मिक्स केलं गेलं! खरंय, आणि त्या कॅसेटवरून रेकॉर्डसाठी मास्टर काढताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले. दोष असूनही गाणी टिकली. दोषांमुळे टिकली असं त्यातून निघत नाही.

मग कॉम्प्युटर असताना हा खटाटोप कशाला? नव्या गाण्यासाठी नसेल केला तरी चालेल. तीन ट्रॅक चौथ्यावर उतरवायचे, प्रत्येक उतरवणीत खरखर वाढवून घ्यायची, हे आज कुणाला सांगावं? पण घरी भरलेल्या चार-ट्रॅक कॅसेटी कुठेकुठे उरल्या आहेत, आणि त्या साध्या टेपवर लावल्या तर एका बाजूला दोन ट्रॅक अर्ध्या वेगानं, एक सप्तक खाली घोगरे वाजतात आणि दुसऱ्या बाजूला उरलेले दोन उलटे. दोन्ही बाजू कॉम्प्युटरवर घेऊन एक उलटवून जुळवता येतात, पण दोन वेळा फिरलेली फीत दोन वेळा वेगवेगळी डुलते. तबला आणि पेटी काही मिनिटांत एकमेकांना सोडतात. चारही ट्रॅक एकाच फेरीत वाचणारं यंत्रच लागतं. आणि तिथे एक गंमत होते. जी कॅसेट तेव्हा कललेल्या हेडवर भरली, ती काटकोनात लावलेल्या हेडवर दबकी वाजते. तिच्यापुरता तो स्क्रू पुन्हा वाकडा करावा लागतो, ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू येईपर्यंत, आणि कॅसेट उतरवून झाली की परत जागेवर.