उत्प्रेरकातली पीएचडी : ऐकीव काय, खरं काय

पुण्याच्या पाषाण रस्त्यावरची एनसीएल, माटुंग्याची आयसीटी (जुन्या मंडळींची यूडीसीटी) आणि पवईची आयआयटी. औद्योगिक उत्प्रेरक आणि उत्सर्जन कपात या विषयात पीएचडी करायची म्हटलं की महाराष्ट्रातल्या मुलांना ही नावं आधी आठवतात. नावांमागोमाग ऐकीव गोष्टीही येतात. काहींमुळे हुशार मुलं या विषयाकडे फिरकतच नाहीत. काहींमुळे नको ती मुलं येतात आणि पाच वर्षं अडकून पडतात.

गैरसमज : कॅटॅलिस्ट बसवला की प्रदूषण संपलं.

हा समज गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरून पसरला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. आत बारीक आरपार भोकांचा सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा पातळ लेप. कार्बन मोनॉक्साइडचा तिथे कार्बन डायऑक्साइड होतो, न जळालेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन. म्हणजे विषारी वायू जातात, पण कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही. झालीच तर त्यात किंचित भर पडते. शहराची हवा आणि पृथ्वीचं तापमान हे दोन निराळे प्रश्न आहेत. प्रवेश अर्जात दोन्हींची खिचडी करणारा उमेदवार मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत सापडतो.

शिवाय उत्प्रेरकाला विषबाधा होते. शिसं त्याचं विष, म्हणून कन्व्हर्टरसोबत शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं. गंधकही तसंच. बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं.

गैरसमज : उत्सर्जन म्हणजे चिमणीतून दिसणारा धूर.

नायट्रिक आम्लाचा कारखाना घ्या. आपल्याकडे तळोज्याला आणि ट्रॉम्बेला हे आम्ल बनतं, मुख्यतः खतं आणि स्फोटकांच्या उद्योगासाठी. अमोनिया आणि हवेचं मिश्रण प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारेच्या विणलेल्या जाळ्यांमधून सोडतात. जाळी लालभडक तापलेली असते, साधारण ९०० अंश सेल्सिअस, आणि वायू तिच्यातून सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागात पार होतो. तेवढ्यात बहुतांश अमोनियाचा नायट्रिक ऑक्साइड होतो, आणि आम्लासाठी हवा असतो तोच. थोडासा अमोनिया मात्र वाट चुकतो आणि त्याचा नायट्रस ऑक्साइड होतो, दवाखान्यातला भूल देणारा वायू. त्याला रंग नाही. चिमणीतून पिवळट-तांबूस धूर दिसला तर तो नायट्रोजन डायऑक्साइड, लोक त्याचीच तक्रार करतात. न दिसणारा नायट्रस ऑक्साइड मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमान वाढवतो.

त्यावर तोडगा म्हणून प्लॅटिनमच्या जाळीखाली एका टोपलीत दुसऱ्या उत्प्रेरकाच्या गोळ्या भरतात. त्यांनी नायट्रस ऑक्साइड फोडून नायट्रोजन आणि ऑक्सिजन करायचा, पण शेजारून जाणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला धक्का लावायचा नाही, कारण कारखान्याचं पोट त्यावर आहे. तेही भट्टीच्या त्याच तापमानात, महिनोन्महिने, गोळ्यांचा भुगा न होता. पीएचडीचा विषय कसा असतो असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो. ‘मी हवामान बदल थांबवणार’ या वाक्याने प्रबंध लिहिता येत नाही, पण या टोपलीवर मात्र एक नाही, दहा प्रबंध होतील.

गैरसमज : जास्त वेगवान तो चांगला कॅटॅलिस्ट.

वेग हा तीन निकषांपैकी एक. नको ते जोडउत्पादन किती होतं आणि माल किती काळ टिकतो हे उरलेले दोन. कारखान्याला बहुतेक वेळा यांचीच फिकीर जास्त असते. पृष्ठभागावर काजळी साचते, धातूचे सूक्ष्म कण उष्णतेने एकमेकांत मिसळून मोठे होतात, गोळी दाबाखाली फुटते. प्रयोगशाळेतली चिमूटभर पूड सहा तास झकास चालली म्हणून रिअॅक्टरमध्ये टनभर माल चालेलच असं नाही. जर्मनीत ओप्पाउ इथे १९१३ मध्ये बीएएसएफचा अमोनियाचा पहिला कारखाना सुरू झाला, तेव्हा त्यामागे आल्विन मिटाश यांच्या गटाने तपासलेले हजारो नमुने होते. शेवटी जिंकलं ते लोखंडच, त्यात थोडे इतर ऑक्साइड मिसळलेलं. त्याच जातीचा उत्प्रेरक आजही वापरात आहे आणि एकदा भरला की वर्षानुवर्षं चालतो.

गैरसमज : हे संशोधन कपाटात धूळ खातं.

खातंही. पण एनसीएलमध्ये पॉल रत्नसामी यांच्या गटाने घडवलेला एन्सिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक पेट्रोरसायन उद्योगात झायलीनच्या प्रक्रियेसाठी प्रत्यक्ष वापरला गेला. डेहराडूनच्या आयआयपीच्या तंत्राने जट्रोफाच्या तेलापासून इंधन बनलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते मिसळून डेहराडून ते दिल्ली विमान उडालं.

मात्र घाई असेल तर इकडे येऊ नका. पीव्हीसीसाठी लागणारं व्हिनाइल क्लोराइड चीनमध्ये कोळशापासून मिळणाऱ्या अॅसिटिलीनपासून बनतं आणि त्यासाठी पाऱ्याचा उत्प्रेरक वापरत आले. तिथे सोनं अधिक चांगलं चालेल असं ग्रॅहम हचिंग्ज यांनी १९८५ मध्ये मांडलं. सोन्याचा उत्प्रेरक व्यवहारात यायला सुमारे तीस वर्षं गेली, आणि पाऱ्यावर निर्बंध आणणारा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला तेव्हा त्याची किंमत सगळ्यांना कळली.

गैरसमज : पाच वर्षं घरून पैसे मागवावे लागतात.

सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, नंतर एसआरएफ म्हणून ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे, आणि वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. रक्कम दर महिन्याला वेळेवर पडेलच याची खात्री मी देणार नाही, तेव्हा दोन-तीन महिन्यांची पुंजी बाजूला ठेवा. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाचा किंवा संस्थेचा पगारी कर्मचारी असतो, त्याने भरमसाट फी भरायचा प्रश्नच येत नाही. ‘परदेशात पीएचडीला पंचवीस लाख लागतात’ असं सांगणारा एजंट बहुधा मास्टर्सच्या जागा विकत असतो.

गैरसमज : एमएस्सी केमिस्ट्रीच हवी, आणि दोन पेपर छापल्याशिवाय पदवी नाही.

केमिकल इंजिनिअरिंगवाले, भौतिकशास्त्रवाले, संगणकावर पृष्ठभागांचं गणित करणारे, सगळे या विषयात आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीला पात्रता मिळते. त्याच नियमांनी शोधनिबंध छापण्याची सरसकट सक्तीही काढली. संस्थेचे स्वतःचे नियम कडक असू शकतात, ते वेगळे वाचा.

गैरसमज : विजेच्या गाड्या आल्या, आता कॅटॅलिसिस संपलं.

गाडीचा कन्व्हर्टर उद्या कमी होईल. खत, प्लॅस्टिक, औषधं आणि तेलशुद्धीकरण बॅटरीवर चालत नाहीत.

आता गाइड निवडण्याबद्दल. वेबसाइटवरची पेपरांची यादी पाहून निर्णय घेऊ नका. त्या प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठा आणि विचारा : रिअॅक्टर सलग किती तास चालवता, जीसी बिघडला तर दुरुस्तीला किती आठवडे जातात, आणि कुठल्या कारखान्याचा माणूस इथे शेवटचा कधी येऊन गेला? तिन्ही उत्तरं पटली तरच अर्ज भरा.