राइस मिलच्या पाइपचा एल्बो पत्र्यावर कसा उलगडतो?

मोहाडी पट्टा धानाचा. राइस मिलमधली धूळ ओढणाऱ्या पाइपचे वळण आखताना चुकले, की पत्रा थेट भंगारात.

३०० मिमी व्यासाचा, चार तुकड्यांचा काटकोनी एल्बो घ्या. तीन जोड, प्रत्येक ३० अंशांचा. म्हणून काप १५ अंशांचा. उलगडल्यावर लांबी ९४२ मिमी, कड मात्र लाटेसारखी, ८० मिमी चढउताराची.

कॅडमध्ये पाइपला उभी बारीक चीर दिल्याशिवाय ‘फ्लॅट पॅटर्न’ उघडत नाही; नवखे इथेच अडतात. व्यास पत्र्याच्या जाडीच्या मध्यावर धरावा. उभी शिवण एका तुकड्याला आतून, पुढच्याला बाहेरून घेतली, तर चारही तुकडे एकाच आयतात बसतात. जोडाच्या दुमडीसाठी मात्र पत्रा वेगळा सोडावा लागतो.