बॉयलरची भूक

मनुष्यास जसें अन्न, तसें बॉयलरास इंधन. परंतु पुष्कळ अन्न पोटांत कोंबल्यानें मनुष्य सशक्त होत नाहीं. तें प्रमाणांत व वेळच्या वेळीं मिळावें लागतें. भट्टीसहि हाच नियम लागू आहे.

कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतील पहिली कापडगिरणी ताडदेव येथें १८५६ सालीं चालूं झाली. मुंबईजवळ कोळशाची खाण नाहीं. म्हणून कोळसा प्रथम विलायतेहून व पुढें बंगाल-बिहारकडील खाणींतून येऊं लागला. तो फावड्यानें भट्टींत टाकणारा कामगार म्हणजे आगवाला. एकदम जाड थर टाकला, तर जाळींतून वर येणारी हवा कोंडते व अर्धवट जळलेला कोळसा काळा धूर होऊन निघून जातो. दार फार वेळ उघडें ठेवलें, तर थंड हवा शिरून भट्टी निवते. म्हणून चतुर आगवाला थोडा थोडा, वारंवार व सारखा पसरून कोळसा टाकी. धुराचा उपद्रव रोखण्यासाठीं मुंबई इलाख्यांत १९१२ सालीं कायदाहि झाला.

पुढें हें काम यंत्रांकडे आलें. साखळीची जाळी हळूहळू सरकत कोळसा आंत नेते व शेवटीं राख खालीं टाकते. मोठ्या वीजकेंद्रांत कोळसा पिठासारखा दळून हवेच्या झोतानें आंत फुंकतात.

घाटकोपराहून फार दूर नसलेल्या तुर्भ्यास १९५४ व १९५५ सालीं तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले. भट्टीचें तेल काकवीसारखें दाट असतें. तें तापवून पातळ करतात, गाळतात आणि पंपानें दाब देऊन त्याचे धुक्यासारखे सूक्ष्म तुषार उडवितात. तेल हवेशीं भिडतें तेथेंच जळतें. थेंब जितके बारीक, तितकें ज्वलन पूर्ण.

१९७४ सालीं समुद्रांत मुंबई हाय येथें तेल सांपडलें. तेथील वायु नळानें उरणास येतो. शहरांत नळानें वायु पुरविण्यासाठीं १९९५ सालीं महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली. वायूस ना कोठार लागे, ना त्याची राख उरे. मात्र धोका मोठा. ज्योत विझून वायु येतच राहिला, तर भट्टी त्यानें भरते व एका ठिणगीनें स्फोट होतो. म्हणून ज्योतीवर पहारा करणारा यांत्रिक डोळा बसवितात. ज्योत विझतांच तो झडप बंद करवितो. पुन्हां पेटविण्यापूर्वीं भट्टींतून स्वच्छ हवा खेळवून सांचलेला वायु घालवितात. ही पायरी घाईनें गाळणें म्हणजे कामगारांचे प्राण पणास लावणें होय.

विद्यार्थी-मित्रहो, कोळसा, तेल वा वायु, तिन्हींचें मर्म एकच: इंधन व हवा यांचा योग्य मेळ. अंधेरी, बोरिवली वा मुलुंडकडे एखाद्या धुराड्यांतून काळा धूर निघतांना दिसला, तर तें मोठ्या कामाचें लक्षण समजूं नका. मालकाचें द्रव्य वायां जात आहे आणि शेजाऱ्यांच्या छातींत काजळी सांचत आहे, असें समजा.